पत्रिकेची जाडी

पुण्यात लग्नाला जाणारी माणसं लाखांनी असतील, पण पत्रिका चिमटीत धरून, वाकवून, तिच्या जाडीवरून लग्नाला जायचं की नाही हे ठरवणारा माणूस मी आजवर एकच पाहिला. ते म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, माझे काका. वधू कोण, वर कोण, कार्यालय किती लांब, जेवणात काय, यातलं ते काहीही विचारत नसत. पत्रिका हातात आली की ती अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामध्ये धरायची, एकदा वाकवून सोडायची, कानाजवळ नेऊन नखाने टिचकी मारायची आणि निकाल द्यायचा. "जाऊ या. दणकट आहे." नाहीतर, "फोन करून शुभेच्छा दे. यातून चहासुद्धा अडणार नाही." एकदा मावशीच्या शेजारणीच्या भाच्याचं लग्न होतं. त्या भाच्याला आमच्या घरात कुणी पाहिलेलंसुद्धा नव्हतं. पण पत्रिका अशी होती की वाकवून सोडली की ताठ उभी राहायची. काका सकाळपासून तयार. मावशी वऱ्हाडातली, तीस वर्षं हडपसरात काढूनही तिची बोली गेलेली नाही. ती म्हणाली, "अवो, तिथं आपल्याले वळखते तरी का कोनी?" काका म्हणाले, "ओळख वाढवायला नाही, आभार मानायला चाललोय." आणि खरोखरच त्यांनी मांडवात नवऱ्या मुलाच्या वडिलांचा हात हातात घेऊन सांगितलं, "कागद फार छान निवडलात." ते गृहस्थ बिचारे दिवसभर विचार करत असतील की हा कुठल्या कागदाबद्दल बोलून गेला.

या वेडाला कारण होतं. काका हायड्रॉलिक जॅक दुरुस्त करत. ट्रॅक्टरला पुढे बकेट लावून जे छोटे लोडर तयार करतात, त्यांची बकेट वर उचलणारं एक जाड नळकांडं असतं. पुस्तकात त्याला हायड्रॉलिक सिलिंडर म्हणतात, हडपसरात सगळे जॅकच म्हणतात. आत तेल दाबाने येतं आणि चकचकीत रॉडला बाहेर ढकलतं. तोंडाशी रबराचं सील असतं. ते झिजलं की तेल गळायला लागतं आणि उचललेली बकेट आपोआप खाली यायला लागते. इथपर्यंत कुणालाही कळतं. पण बारीक छिद्रातून उडणारं तेल डोळ्यांना दिसतच नाही. दिसते ती थोडीशी वाफ, थंडीत श्वास सोडल्यासारखी. त्या वाफेत हात घातला तर तेल सुईसारखं कातडीतून आत जातं. म्हणून गळती कधी हाताने चाचपायची नाही. पुठ्ठा फिरवायचा, पुठ्ठ्यावर जिथे डाग पडेल तिथे गळती. आणि शर्टाच्या खिशात बरोबर मावणारा, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, जगात सगळ्यात चांगला पुठ्ठा म्हणजे लग्नपत्रिका, असं काकांचं ठाम मत होतं. त्यांच्यासमोर एका मेकॅनिकने एकदा चालू मशीनवर होजवरून, म्हणजे तेलाच्या रबरी नळीवरून, बोटं फिरवली. काका त्याला म्हणाले, "हात घरी ठेवून येत जा, मग कुठेही हात घाल."

देशात काय बदल झाले ते लोक वर्तमानपत्रात वाचतात. काका ते पत्रिकेच्या जाडीवर मोजत. त्यांच्या लग्नाच्या काळात म्हणे एकरंगी, पोस्टकार्डाएवढ्या पत्रिका असत. तेल आरपार जायचं. मग परदेशी कंपन्या आल्या, मगरपट्ट्याकडच्या उसाच्या शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, ज्यांच्या शेतांत त्या उभ्या राहिल्या त्यांच्या मुलांची लग्नं निघाली आणि पत्रिका जाड व्हायला लागल्या. "एका एकराला एक मिलिमीटर," काका म्हणत. आयटीतल्या मुलांच्या पत्रिकांवर त्यांचा सर्वांत जास्त जीव. काकांचं सगळं कामही त्याच इमारतींच्या पायामुळे वाढलेलं. जिथे जेसीबी शिरत नाही तिथे छोटे लोडर, आणि जिथे छोटे लोडर तिथे गळके जॅक. पुढे कुणीतरी मखमलीच्या पत्रिका काढल्या तेव्हा ते हळहळले, कारण मखमल तेल पिऊन टाकते आणि डाग कळत नाही. आणि एका चुलतभावाने मुलाच्या लग्नाचं आमंत्रण सीडीवर पाठवलं तेव्हा ते दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "याच्या संसाराला मध्ये भोक आहे."

पण पत्रिका खिशात जाण्याआधी एक विधी असायचा. वरती छापलेला देव ते छोट्या कात्रीने, कडा न दुखवता, कापून घेत. गणपती असो, खंडोबा असो, कुणाच्या पत्रिकेवर बुद्धाची मूर्ती असो, सगळे एका जुन्या पावडरच्या डब्यात. "देवाच्या तोंडावर तेल उडालेलं बरं दिसत नाही," एवढंच स्पष्टीकरण. डबा भरला की मावशी तो नदीवर नेऊन सोडायची म्हणायची आणि ते तिला नेऊ द्यायचे नाहीत. "नदीत आधीच काय कमी तेल आहे का?" अजूनही तो डबा दुकानात फळीवर आहे. उघडला तर सुपारीएवढे शेकडो देव एकमेकांत मिसळून बसलेले दिसतात.

दुसरं वेड म्हणजे पांढरा शर्ट. इस्त्रीचा. हायड्रॉलिकचं काम करणारा माणूस आणि अंगावर पांढरा शर्ट, हे ज्यांना माहीत आहे त्यांनाच कळेल की किती वेडेपणा आहे. नवं गिऱ्हाईक त्यांना विमा एजंट समजून "नको हो, आमचा आहे" असं म्हणून परत पाठवायचं. काकांचं म्हणणं असं की ज्याच्या अंगावर तेल उडालं त्याने घाई केली. बकेट जमिनीला टेकवायची, इंजिन बंद करायचं, लिव्हर चार वेळा मागेपुढे करून आतला दाब मारायचा, मगच पाना लावायचा. इतकं केलं तर तेल उडणारच कुठून? खोललेला रॉड ते लाकडी ठोकळ्यांवर ठेवत, कापडाने पुसत, आणि मग डोळे मिटून उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाचं नख त्याच्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवत. केसाएवढा ओरखडा असला तरी नख अडायचं. तिथे ते खडूने खूण करत. लेथवाल्यांकडे मोजायची यंत्रं असत, पण तेही रॉड घेऊन काकांकडे यायचे. "मीटर बिघडतं," काका बोट वर करून म्हणत, "हे फक्त वाढतं. शनिवारी कापायचं." मी हे सगळं हसत सांगतेय खरं, पण त्या बोटाबद्दल लिहिताना माझा हात थांबतो. कारण ते बोट आता नाही, आणि त्यात माझा किती वाटा आहे हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

गळतीचे त्यांनी तीन प्रकार केले होते: घाम, अश्रू आणि धार. घामाला नुसतं पुसायचं, अश्रूंना सील बदलायचं, धार लागली तर सगळं खोलायचं. हेच माप ते माणसांनाही लावत. मी पहिल्यांदा गावाहून मावशीकडे राहायला आले, कर्वेनगरच्या कॉलेजात इंजिनीअरिंगला जायला लागले, तेव्हा पहिल्या सहामाहीत दोन विषय राहिले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं माझ्याआधी कुणी नव्हतं. त्यामुळे नापास झालं तर घरी काय सांगतात हे विचारायलाही कुणी नव्हतं. मी गच्चीच्या जिन्यात बसून रडत होते. काका वर वाळलेले कपडे काढायला आले होते. माझ्याकडे थोडा वेळ बघून म्हणाले, "घाम आहे. सील चांगलं आहे." आणि खाली निघून गेले. मला ते तेव्हा फार कोरडं वाटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला कॉलेजच्या बसला जायच्या आधी दुकानात बोलावलं, तेलाचं एक पिंप माझ्यासमोर उभं केलं आणि म्हणाले, "वाच."

पिंपावर इंग्रजीत बरंच काही छापलेलं होतं. मी मराठी माध्यमातली. वर्गात इंग्रजीत बोलायची वेळ आली की माझा घसा कोरडा पडायचा. मी अडखळत वाचलं. काका डोळे मिटून, मान किंचित डोलवत ऐकत होते, कीर्तनाला बसल्यासारखे. वाचून झाल्यावर अर्थ विचारला नाही. म्हणाले, "छान. उद्या परत." त्यानंतर पिंपं, सील किटची पाकिटं, मशीनबरोबर येणारी जाड पुस्तकं, बकेटवरचे स्टिकर, जे काही इंग्रजीत असेल ते मी वाचायचं आणि त्यांनी ऐकायचं. तेही गिऱ्हाइकांसमोर. "आमची भाची इंजिनीअरिंगला आहे. वाच गं." मला लाजेने मेल्यासारखं व्हायचं. पण सांगायला हवं की न घाबरता मी जे पहिलं इंग्रजी मोठ्याने वाचलं ते तेलाच्या पिंपावरचं होतं, आणि दुसऱ्या सहामाहीच्या तोंडी परीक्षेत माझा आवाज बाहेर पडला तो त्यामुळेच.

बोटाचं ते झालं त्या शनिवारी मला कॉलेजात प्रॅक्टिकल होतं. मार्केट यार्डात भाजीचा कचरा उचलणारा एक छोटा लोडर होता, त्याचा जॅक काकांनी दुरुस्तीला आणला होता. बकेट भरून वर उचलली की हळूहळू खाली बसायची. खाली हमालांची ये-जा असायची, त्यामुळे ते फार धोक्याचं होतं. दोन दिवस काकांनी दुकानात तो जॅक खोलून, रॉड नखाने तपासून, सगळी सीलं नवी घातली होती. आता बसवायचा होता. काका म्हणाले, "मार्केट यार्डावरूनच पुढे जा. मशीन आपल्याला नवं आहे, त्याच्यावरचा स्टिकर वाचून दे." म्हणून मी कॉलेजची बॅग घेऊन त्यांच्याबरोबर गेले.

लोडरचे ड्रायव्हर फुरसुंगीकडचे, वयाने काकांच्या बरोबरीचे, अतिशय मऊ माणूस. आम्ही पोचलो तर ते नवा सदरा घालून उभे. पिशवीतून त्यांनी पत्रिका काढली, चारी कोपऱ्यांना हळदीकुंकू लावलेली, आणि दोन्ही हातांनी काकांना दिली. "थोरलीचं हाय. पुढल्या महिन्यात. सहकुटुंब यायचं, हयगय न्हाई चालायची."

काकांनी सवयीने पत्रिका चिमटीत घेतली, वाकवली, टिचकी मारली. त्यांचा चेहरा उजळला. "वा! दीडशे किलोचं प्रेशर सोसेल."

ड्रायव्हरना यातलं काही कळलं नाही, पण ते खूश झाले. "पोरीनंच निवडलीया. आमी म्हनलं साधी घे, तर म्हनली न्हाई, एकदाच तर हाय."

"पोरीला कळतं," काका म्हणाले आणि पत्रिका खिशात ठेवली. नेहमीच्या पत्रिका त्या दिवशी त्यांच्या खिशात नव्हत्या. त्या आदल्या दिवशीच्या शर्टात राहिल्या होत्या आणि तो शर्ट मावशीने इस्त्रीला दिला होता.

जॅक बसला. पिना बसल्या, होज जोडल्या. इंजिन सुरू करून ड्रायव्हरनी बकेट वर घेतली. काकांनी घातलेलं सील कोरडं ठणठणीत होतं. एक थेंब नाही. बकेट वर गेली ती वरच राहिली. हमालांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. आणि तेव्हा मला वाटतं मलाच आधी दिसलं: जॅकच्या वर, होज जिथे वळते तिथे, अगदी थोडी वाफ. जुनी होज काढताघालताना वाकली असेल. काकांच्या कामात चूक नव्हती, हे मला इथे लिहून ठेवायचंय.

काकांचा हात खिशात गेला. पत्रिका निघाली. ते वाफेकडे एक पाऊल पुढे झाले आणि तेवढ्यात त्यांची नजर ड्रायव्हरच्या नजरेला भिडली. ड्रायव्हर सीटवरून हसत बघत होते, आपल्या लेकीच्या पत्रिकेकडे.

"काय झालं?" त्यांनी इंजिनाच्या आवाजात ओरडून विचारलं.

"काही नाही, मुहूर्त बघत होतो," काका म्हणाले, आणि पत्रिका परत खिशात घातली. पत्रिका मागे घेतली, पण हात मागे घ्यायचा राहिला. तो निघालेलाच होता. पाच पावलांवर आंब्याची रिकामी खोकी माणसाच्या उंचीएवढी रचून ठेवली होती. पुठ्ठाच पुठ्ठा. मी तोंड उघडलं होतं, "काका, खोकं आणते" म्हणायला. त्यांचं बोट वाफेत जाऊन परतही आलं होतं.

इंजिन बंद झालं. काका बोट बघत होते. पेराजवळ टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. रक्तसुद्धा नाही. "मुंगी," ते म्हणाले. शर्टाच्या बाहीवर मात्र तेलाचा एक डाग पडला होता, आणि ते बोटापेक्षा जास्त वेळ त्या डागाकडे बघत राहिले.

लोडरच्या बाहूवर पिवळा स्टिकर होता. हाताचं चित्र, हातावर आदळणारी एक रेघ, खाली इंग्रजी. काका म्हणाले, "वाच गं. काय म्हणतोय?" मी वाचलं. मोठ्याने, स्पष्ट, जसं त्यांनीच शिकवलं होतं. त्यावर असं लिहिलं होतं की दाबाखालचं तेल कातडीत शिरलं तर जखम कितीही लहान दिसो, काही तासांच्या आत शस्त्रक्रिया करून ते काढलं पाहिजे, नाहीतर तो भाग सडून कापावा लागेल. मी वाचलं आणि थांबले. काकांनी डोळे उघडले. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी विचारलं, "म्हणजे?"

भोवती आठ-दहा हमाल, ड्रायव्हर नव्या सदऱ्यात, लेकीची पत्रिका दिल्याला तासही झालेला नव्हता. समोर एक ठिपका, ज्यातून रक्तसुद्धा येत नव्हतं. मला वाटलं, आपण चुकत असू. एखाद्या शब्दाचा अर्थ आपल्याला नीट माहीत नसेल. मी म्हणाले, "डॉक्टरांना दाखवा म्हणतोय."

"कधी?"

"आजच."

काका म्हणाले, "बघा, कंपनीवाल्यांना किती काळजी," आणि सगळे हसले.

जवळच्याच एका डॉक्टरांकडे आम्ही गेलो. त्यांनी बोट स्पिरिटने पुसलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पट्टी लावली. मी दारातून परत वळून म्हणाले, "डॉक्टर, ते तेल प्रेशरचं होतं. त्या स्टिकरवर..." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "आपण मेडिकलला आहात का?" मी म्हणाले, "नाही, इंजिनीअरिंगला." "मग आपण इंजिनीअरिंग करा." काकांना ते वाक्य फार आवडलं. बाहेर येऊन म्हणाले, "माणूस पुण्याचा आहे." आणि मला बसमध्ये बसवून दिलं. मी कॉलेजला गेले. प्रॅक्टिकल करताना सरांनी विचारलं, "कुणाला काही शंका?" माझा हात वर जाता जाता राहिला. जर्नलवर सही घेतली आणि घरी आले.

संध्याकाळी काकांचा हात मनगटापर्यंत सुजून दगडासारखा झाला होता. ते परत त्याच डॉक्टरांकडे जाऊन गोळ्या घेऊन आले होते. मावशी म्हणत होती, "काहून दुसऱ्या दवाखान्यात नाही गेले तुमी?" ते म्हणाले, "त्याने उद्या बरं वाटेल म्हटलंय. उद्या उजाडू तर दे." सकाळी बोट काळं पडलं होतं. मोठ्या हॉस्पिटलात सर्जनने पहिला प्रश्न विचारला, "किती तास झाले?" काका माझ्याकडे बघायला लागले. मी बावीस म्हणाले. सर्जन म्हणाले, "काल दुपारपर्यंत आला असता तर..." आणि पुढचं न बोलता कागद भरायला लागले. अंगठ्याशेजारची दोन बोटं आणि तळहाताचा थोडा भाग काढावा लागला.

शुद्धीवर आल्यावर काकांनी आधी मावशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला रडू थांबवता येत नव्हतं. ते कितीतरी वेळ बघत होते. म्हणाले, "धार आहे." एवढंच. खोलायला पाहिजे, हे त्यांनी म्हटलं नाही. पण मला ते ऐकू आलं.

पुढच्या महिन्यात ड्रायव्हरच्या मुलीच्या लग्नाला आम्ही गेलो. काकांनी डाव्या हाताने अक्षता टाकल्या. निम्म्या पुढच्या माणसाच्या डोक्यावर पडल्या. ड्रायव्हर धावत आले, "हाताला काय झालं वो?" काका म्हणाले, "दारात सापडला. तुमच्या पत्रिकेचं सगळे कौतुक करताहेत." त्यांनी मला बजावलं होतं की ड्रायव्हरना खरं कधी कळता कामा नये. म्हणून मी इथे त्यांचं नाव लिहिलेलं नाही. ती पत्रिका काकांनी कापली नाही. तिच्यावरचा गणपती अजून तिच्यावरच आहे.

आता काका जॅक खोलत नाहीत. दुकानात बसतात, दुसरे खोलतात, ते सांगतात. पांढरा शर्ट अजून घालतात. पत्रिका येतात. मागच्या रविवारी दुपारी एक आली. काकांनी ती डाव्या हाताच्या चिमटीत धरली, वाकवली, टिचकी मारली, पुन्हा वाकवली. मग माझ्याकडे दिली. "तू बघ. या हाताला कळत नाही."

मी ती चिमटीत धरली आणि मला काहीच कळेना. मग मी इतके महिने जे अडवून ठेवलं होतं ते बोलून टाकलं. म्हणाले, काका, त्या स्टिकरवर नुसतं डॉक्टरांना दाखवा असं नव्हतं. काही तासांत, असं होतं. नाहीतर कापावं लागेल, असं होतं. मी वाचलं होतं. मला कळलं होतं. मी सांगितलं नाही.

काका फळीवरच्या पावडरच्या डब्याकडे बघत होते. मग म्हणाले, "चित्र होतं की त्याच्यावर. हाताचं. वीस वर्षं ते चित्र बघतोय. चित्राला कुठे इंग्रजी लागतं?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"असेल."

"मग मला अर्थ कशाला विचारलात?"

बाहेरून आयटी पार्कची बस गेली, तिच्या काचा थरथरल्या. "तू वाचत होतीस, छान वाटत होतं," ते म्हणाले. "अजून थोडं बोलावंस असं वाटलं."

हे खरं होतं की माझ्यासाठी त्यांनी तिथल्या तिथे बनवलेलं होतं, मला सांगता येणार नाही. त्यांना खरंच तास माहीत होते का, हेही नाही. मुहूर्त बघत होतो, असं सहज म्हणून जाणारा तो माणूस.

"पाठ आहे का अजून तो स्टिकर?" त्यांनी विचारलं.

पाठ होता. रोज पाठ होत होता. मी पत्रिका खाली ठेवली आणि सुरुवात केली. काकांनी डोळे मिटले. मान हळूहळू डोलायला लागली, आणि उरलेली तीन बोटं मांडीवर ठेवून ते ऐकत राहिले. मी सावकाश, घसा कोरडा पडू न देता, एकही शब्द न सोडता, शेवटपर्यंत म्हटलं. मग त्यांनी न विचारताच मी मराठीत सगळं सांगितलं, तासांसकट.